मागच्या उजव्या चाकातला आवाज

बाबा,

पुस्तिकेतल्या लेखात मी एक गोष्ट चुकीची लिहिली आहे, ती आधी दुरुस्त करते. तुम्ही गेल्याच्या पुढल्या वर्षी जुन्या गाड्या सांभाळणाऱ्या मंडळींनी एक पुस्तिका काढली आणि तुमच्यावर दोन पानं लिहायला मला सांगितलं. मी लिहिलं, की कान मंद झालेले असतानाही तुम्ही तुमच्या शेवटच्या कामात, त्या लाल दोन सीटच्या गाडीत, डिफरन्शियलमधला, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या दात्यांच्या पेटीतला, आवाज अचूक पकडलात आणि घालवलात. आवाज डिफरन्शियलमध्ये नव्हता. तो मागच्या उजव्या चाकात होता, आणि तो गेलेलाही नव्हता. हे मला आत्ताच कळलं असंही नाही. अर्धं मला त्याच दिवशी माहीत होतं. उरलेलं अर्धं गेल्या मंगळवारी कळलं, अकरा वर्षांनी. त्या दोन पानांवर मी इतकी वर्षं काम मिळवते आहे. लोक ती वाचून येतात, गाडीची किल्ली माझ्या हातात देतात आणि म्हणतात, वडिलांचा कान तुम्हाला आलाय म्हणे. मी हसून किल्ली घेते.

गाळा तोच आहे, देवनारच्या वळणावरचा. पाटीवर नाव तुमचंच आहे. रंग दोनदा दिला, अक्षरं बदलली नाहीत. तुमची पद्धतही मी मोडलेली नाही. गिऱ्हाईक आलं की बॉनेटला हात लावायच्या आधी तुम्ही त्याला समोर स्टुलावर बसवायचात आणि म्हणायचात, "हं, काढा आवाज. गाडीचा नाही, तोंडाने काढा." मोठमोठी माणसं लाजायची. एक टायवाले प्राध्यापक होते चेंबूरचे. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, घसा साफ केला आणि मग डोळे मिटून असा काही "कुंऽऽई" केला की रस्त्यावरचं कुत्रं उठून उभं राहिलं. मी हसले. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत, पण ते गेल्यावर म्हणालात, "हसायचं नाही. लाज सोडून आवाज काढतो ना माणूस, तेव्हा तो खरं बोलत असतो. पुढे गाडी काय खोटं बोलायची ते बोलू दे." मग तुम्ही लांबट वहीत तो आवाज अक्षरांत लिहिलात. पहिल्या रकान्यात आवाज, दुसऱ्यात कुठून आला ते, तिसऱ्यात एकच शब्द: गेला, किंवा नाही गेला. नाही गेला असं लिहायचीही तुम्हाला लाज वाटत नसे. चौथीत मला ती वही वाचायला मिळाली तेव्हा माझी समजूत अशी, की सगळ्यांच्या घरी अशी एक वही असते.

खरं शिक्षण घरात झालं, ओट्यापाशी. आई भाकऱ्या थापत असायची आणि तुम्ही मला भिंतीकडे तोंड करून उभी करायचात. मग मागे एकेका भांड्यावर चमचा वाजायचा. कोणतं? पितळेचं पातेलं. रिकामं की भरलेलं? अर्धं. झाकण कुठलं? त्याचं नाही, दुसऱ्या पातेल्याचं, बसत नाहीये. आपला जुना मिक्सर तर माझी पाटी होती. त्याचं बेअरिंग गेलंय की खालचा रबर, हे मी आठ वर्षांची असताना सांगितलं होतं. (आई म्हणते नऊ.) आई वैतागायची. "अहो, पोरीला काय कान टवकारलेलं मांजर करायचंय? उद्या सासरी जाऊन नणंदांची कुजबुज ऐकत बसेल." तुम्ही म्हणायचात, "ऐकू दे की. निदान कुठून येतेय ते तरी कळेल तिला." आई पीठ लागलेल्या हातानेच तोंडाला पदर लावून हसायची. तिला वाटायचं आपल्याला दिसत नाही.

तुमचं रागावणं मला एकदाच नीट आठवतं. मी तेरा वर्षांची, आपण कुणाची तरी करडी गाडी घेऊन त्या लांब कंपाउंडच्या भिंतीकडेने निघालो आहोत. ती भिंत तुमची आवडती. गाडी भिंतीला चिकटून चालवली की भिंत आवाज परत देते आणि तो सरळ कानात येतो, म्हणून आपली प्रत्येक ट्रायल तिथेच. कचऱ्याच्या डोंगरावरून वास येत असतो, शेजारून जाणारे सगळे काचा वर करून जातात, आणि आपण बापलेक चारी काचा खाली करून, अगदी हळू, जत्रेला निघाल्यासारखे. मी मध्येच ओरडते, "बाबा, क्रॉस गेलाय! शाफ्टचा क्रॉस!" इंजिनाकडून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्यातला सांधा तो. तुम्ही गाडी कडेला घेता. इंजिन बंद करता. "काय ऐकलंस?" "क्रॉस." "क्रॉस ऐकू येत नाही. क्रॉस लोखंडाचा तुकडा आहे. काय ऐकलंस?" माझ्या डोळ्यांत पाणी. "खट्ट." "कधी?" "गिअर पडल्यावर." "हे आधी सांगायचं. आधी आवाज, मग नाव. नाव घेतलंस की कान मिटतात, मग पुढचं सगळं तुला क्रॉसच ऐकू येणार." परत येताना तुम्ही मला उसाचा रस पाजलात. आणि तो क्रॉसच होता, बाबा. तरी तुम्ही मला शाबासकी दिली नाहीत. पुढे कितीतरी वर्षांनी मला कळलं, की तेच बरोबर होतं.

तुमचा कान कधीपासून जाऊ लागला ते आम्हाला उशिरा कळलं, कारण तो वरून गेला, खालून नाही. घरघर, घूं, जाड आवाज तुम्हाला शेवटपर्यंत येत होते. बारीक, टोकदार आवाज मात्र एकेक करून निघून गेले. आधी दाराची बेल. मग कुकरची शिट्टी. एकदा आई आंघोळीला गेली होती, तुम्ही ओट्याशेजारी पेपर वाचत होतात, आणि भाताच्या सात शिट्ट्या झाल्या. आई ओल्या केसांनी धावत आली. तुम्ही पेपरातून मान वर करून विचारलंत, "काय गं, काय झालं?" तिने गॅस बंद केला आणि करपलेला भात गुपचूप स्वतःच्या ताटात वाढून घेतला. त्या दिवसापासून ट्रायलला मी शेजारी बसायची आणि गाडी थांबली की तुम्ही माझ्याकडे बघायचात. बाहेर हे कुणाला सांगायचं नाही, असं आपल्यात कधी ठरलं नाही. ते आपोआप पाळलं गेलं. पण समोरच्या गाळ्यातला डेंटिंगवाला काही मूर्ख नव्हता. एक दिवस चहा पिता पिता तो मोठ्याने म्हणाला, "मामा, तुमचं एक बरंय यार. हल्ली तुमच्याकडे सगळ्या गाड्या सायलेंटच येतात!" सगळे हसले. तुम्हीही हसलात. दुपारी तुमचा डबा मी उघडून बघितला, तसाच होता.

त्याच महिन्यात ती लाल गाडी आली. गावठाणातले काका स्वतः चालवत घेऊन आले. डोक्यावर पांढरी कॅप, शेजारच्या सीटवर सुक्या बोंबलांची पिशवी, तुमच्यासाठी. ते गोदीत फिटर होते. तिथला साहेब देश सोडून जाताना ही मोडकी गाडी त्यांना देऊन गेला आणि त्यांनी ती सहा वर्षं खपून उभी केली, हे सगळं तुम्हाला माहीत आहे. मी लिहिते आहे ते मला आठवावं म्हणून. त्यांच्या गावठाणात लग्न असलं की नवरी त्याच गाडीतून चर्चला जायची. बँडवाले पुढे, लाल गाडी मागे, छत उघडं, नवरीचा पांढरा पडदा काकांच्या कॅपवर उडत. तुम्ही त्यांना स्टुलावर बसवलंत. ते लाजले नाहीत. जीभ टाळूला लावून त्यांनी काढला: "टक्." थांबले. पुन्हा: "टक्." ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की एक, दाबला की एक. तुम्ही त्यांच्या तोंडाकडे बघत होतात. मग माझ्याकडे बघितलंत. मी तोच आवाज तुमच्यासाठी जरा मोठ्याने काढला आणि तुम्ही मान हलवलीत. काकांच्या ते लक्षात आलं असणार. त्यांनी बोंबलांची पिशवी पुढे केली आणि म्हणाले, "वयनीला सांग, चांगले उन्हात वाळवलेत."

तुमची रीत ठरलेली, चाकापासून सुरुवात करायची आणि एकेक सांधा तपासत इंजिनाकडे जायचं. एक सांधा निर्दोष ठरल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही. तुमचे गुडघे दुखत होते म्हणून चाकं माझ्याकडे आली. त्या गाडीची चाकं तारांची. चार नटांनी बसवलेली नाहीत. चाकाच्या मधल्या नळीत आतून दाते, एक्सलच्या टोकावरच्या हबला बाहेरून दाते, दोन्ही एकमेकांत बसतात आणि मधोमध एकच मोठा नट. अशी चाकं मी त्याआधी कधी उघडली नव्हती. नवऱ्या बसणार त्या गाडीत, या विचाराने मी ती फार मनापासून साफ केली. रॉकेल, ब्रश, मग फडकं. डाव्या बाजूचे दाते माथ्यावर सपाट होते. उजव्या बाजूचे टोकदार, करवतीसारखे. मी बोट फिरवून बघितलं, टोचलं. मला वाटलं, डावे झिजून बोथट झालेत आणि उजवे अजून धारदार आहेत, म्हणजे नवे आहेत. स्वयंपाकघरात वाढलेल्या मुलीला धार म्हणजे चांगली, एवढंच माहीत होतं. दाते झिजतात तेव्हा बोथट होत नाहीत, टोकदार होतात. बोथट दिसतात तेच धड. तुम्हाला हे एका नजरेत दिसलं असतं. तुम्ही पाटावर बसल्या जागेवरून विचारलंत, "दाते बघितलेस?" मी म्हणाले, "बघितले. उजवे तर एकदम मस्त आहेत." आणि दोन्ही बाजूंना भरपूर ग्रीस भरलं.

माझ्या त्या "मस्त"वर विसंबून तुम्ही पुढे गेलात. डिफरन्शियल पूर्ण खोलावं लागतं म्हणून तेवढं शेवटी ठेवून आधी शाफ्टचे क्रॉस बघितले, धड होते. मग उरलं डिफरन्शियल. ते तुम्ही खोललंत, आणि इतक्या जुन्या गाडीत सापडतो तेवढाच, दात्यांमधल्या ढिलाईचा, प्ले तिथे सापडला. इतक्याने तो आवाज येणार नाही, असं तुम्ही स्वतःच पुटपुटलात. ते मी ऐकलं. पण मागचं सगळं मी निर्दोष ठरवून दिलं होतं, त्यामुळे दुसरं नाव उरलं नव्हतं. तीन दिवस तुम्ही पातळ चकत्या घालून, काढून, पुन्हा घालून तो प्ले बसवत होतात. चकती बोटांतून निसटायची. मी मध्ये हात घातला तर म्हणायचात, "राहू दे गं. हे मला करू दे." तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आपण ट्रायलला निघालो, या वेळी चालवत मी होते. त्या भिंतीकडेने, हळू. छत नसलेल्या गाडीत वास थेट अंगावर येत होता. मी पाय उचलला. ग्रीसमुळे दबलेला, पण होता. टक्. दाबला. टक्. जणू कुणी दार वाजवतंय आणि उघडू नका असंही म्हणतंय. मी मानखुर्दच्या बाजूला वळण येईपर्यंत सात वेळा केलं आणि सातही वेळा तो होता. मी गाडी थांबवली. तुम्ही माझ्याकडे वळलात. कपाळावर काळा डाग होता ग्रीसचा. "गेला?" म्हणालात. मी म्हणाले, "गेला."

तुम्ही सीटला मान टेकलीत. इतकंच. मग परतीच्या रस्त्यावर न विचारता उसाचा रस घेतलात, दोन ग्लास, एक माझ्यासाठी, आणि रसवाल्याला म्हणालात, "ही माझी पोरगी. कान बघ तिचा." तो रसवाला बिचारा खरंच माझ्या कानाकडे बघायला लागला. दुसऱ्या दिवशी डेंटिंगवाल्यासमोर तुम्ही काकांच्या हातात किल्ली दिलीत. ती देताना तुम्ही आवाज जरा चढवलात, त्याला ऐकू जावा म्हणून. घरी आल्यावर तुमचा तो लाकडी मुठीचा लांब स्क्रू-ड्रायव्हर, ज्याची मूठ कानाला लावून तुम्ही बेअरिंग ऐकायचात, तो मला दिलात. मूठ एका बाजूला गुळगुळीत झाली आहे, तुमच्या कानाच्या आकाराची. म्हणालात, "मला आता जड होतो." आठ महिन्यांनी तुम्ही गेलात. मधल्या काळात तुम्ही दुसरं कुठलंही मोठं काम घेतलं नाहीत, म्हणून ते शेवटचं.

गेल्या आठवड्यात काकांचा फोन आला. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत. "बाय, नातीचं लगीन हाय. गाडी काढायची हाय. पण टकटक करते गं अजून." मी म्हणाले, "अजून म्हणजे?" "तवापासून. तुजा बाप बोलला गेला, मग मी बोललो, माझेच कान गेले आसतील. घरी सगल्यांना विचारला, पोरं बोलली आम्हाला काय येत नाय. मग मी गाडीच कमी काढली." मी विचारलं, मध्ये किती वेळा काढलीत. त्यांनी मोजून सांगितलं, तीन लग्नं, आणि एकदा पुतणीच्या बाळाचा बाप्तिस्मा. मी फोन ठेवला. गोदीत चाळीस वर्षं यंत्रं ऐकलेला माणूस, त्याचा कान शाबूत होता, आणि मी एका शब्दात त्याला म्हातारा करून टाकलं होतं.

गाडी मी चालवत आणली नाही, ट्रकवर घालून आणली. मंगळवारी मागची बाजू उचलून लोखंडी घोड्यांवर ठेवली. आता खरी परीक्षा अशी असते, की एकाने ब्रेक दाबून हब घट्ट धरायचा आणि दुसऱ्याने चाक हलवून बघायचं. तेव्हा मी ती केलीच नव्हती, दाते बघितले की झालं असं मला वाटलं होतं. ब्रेकवर बसायला माणूस नव्हता म्हणून आईला बोलावलं. ती साडीचा ओचा सावरत त्या एवढ्याशा गाडीत उतरली आणि म्हणाली, "नवरीच्या जागेवर बसू की ड्रायव्हरच्या?" "ड्रायव्हरच्या. आणि मधला पेडल दाब." "दाबला." "जोरात दाब." "अगं दाबलाय, आता काय जमिनीतून पाय काढू?" मी उजवं चाक दोन्ही हातांनी धरलं आणि हलवलं. टक्. चाक माझ्या हातात अंगठाभर फिरलं आणि आतला हब जागचा हलला नाही. परत उलटं. टक्. "काय गं?" आई म्हणाली. "चाक फिरलं." "मग चाक फिरणारच की." "ब्रेक दाबलेला असताना फिरलं, आई." तिने पाय काढला नाही. मी नट उघडून चाक बाहेर ओढलं. दाते सुऱ्यांसारखे झाले होते, काही ठिकाणी नुसती रेघ. अजून थोडं झिजले असते तर उतारावर ब्रेक दाबल्यावर हब थांबला असता आणि चाक आपल्या वाटेने फिरत राहिलं असतं. चर्चच्या दारापासून रस्त्यापर्यंत उतारच आहे. तीन नवऱ्या, आणि एक बाळ.

आईला मी सगळं तिथेच सांगितलं, गाडीच्या शेजारी पाटावर बसून. ती ऐकत होती, पाय अजून ब्रेकवर. मी म्हणाले, काकांना सांगायलाच हवं, आणि पुस्तिकावाल्यांनाही, म्हणजे ते छापतील. ती म्हणाली, "चाकं बदल, गाडी दे. अकरा वर्षांनी बापाची चूक गावभर करायची काय गरज आहे?" "त्यांची नाही, माझी आहे." "ते तू म्हणतेस. पाटीवर एकच नाव आहे. लोक काय वाचणार?" मग म्हणाली, "ते शेवटचं काम होतं गं त्यांचं. तेवढं तरी राहू दे त्यांना." मी तिला हात देऊन गाडीतून बाहेर काढलं आणि आम्ही दोघी घरी आलो. जेवणं झाल्यावर तिने साखरेच्या डब्यामागून तुमची शेवटची वही काढली आणि माझ्यापुढे ठेवली. मला माहीतच नव्हतं ती तिथे आहे. बहुधा तुम्ही गेल्यापासून तिथेच होती, गुंडाळलेल्या वर्तमानपत्राला तेलाचा वास येत होता. "बघ," ती म्हणाली, "त्यांनीच लिहिलंय गेला. मग तू कोण नाही म्हणणारी?"

मी पान उघडलं. लाल दोन सीटर. पहिल्या रकान्यात: टक्. दुसऱ्यात: क्राऊन-पिनियन, म्हणजे डिफरन्शियलचेच दाते, आणि पुढे छोटं प्रश्नचिन्ह. तिसऱ्या रकान्यात तुम्ही आयुष्यभर एकच शब्द लिहीत आलात. मी मागची सगळी पानं उलटली, उगाच नाही, एकेक बघितलं. कुठेही एकाहून जास्त लिहिलेलं नाही, नाही गेला एवढंच काय ते. इथे लिहिलंय: "ती म्हणते, गेला." मी वही आईकडे फिरवली. तिने चष्मा लावला, वाचलं, पुन्हा वाचलं. मग चष्मा काढून पदराने पुसत बसली, बराच वेळ, काचा स्वच्छ असताना. म्हणाली, "विश्वासाने लिहिलं असेल." मी म्हणाले, "असेल." मला ठरवता येत नाही, बाबा. तुम्ही माझ्यावर सोडलंत म्हणून लिहिलंत, की कळलं होतं म्हणून? कळलं असेल तर त्या रसवाल्याला का दाखवलात माझा कान? मी चार दिवस त्या तीन शब्दांवर कान लावून बसले आहे आणि त्यातून काही येत नाही. आवाज नसलेल्या गोष्टीचं काय करायचं ते तुम्ही शिकवलं नाहीत.

आईने काल सकाळी चहा देता देता एवढंच म्हटलं, "जायचंच असेल तर सुके बोंबील नको आणूस परत. ते आग्रह करतील. घ्यायचे नाहीत." म्हणजे तिने परवानगी दिली, असं मी धरते. पुस्तिकावाल्यांना चार ओळींचं पत्र लिहून ठेवलं आहे. ते काकांना सांगून झाल्यावर पाठवीन, आधी नाही. ते छापून आलं की किल्ल्या द्यायला किती जण येतील, ते बघू. पाटी मी उतरवणार नाही. गाडी लग्नाला या चाकांवर जाणार नाही हेही सांगायचं आहे. नवे हब आणि चाकं मिळून बसेपर्यंत लग्न होऊन जाईल. नात रडेल. हे पत्र मात्र मी त्या पुस्तिकेला देणार नाही, वहीतही ठेवणार नाही. वहीत फक्त आवाज ठेवायचे असतात.

आणखी एक राहिलं. आईला मी सांगितलं, की तुम्ही दमला होतात, डेंटिंगवाला बघत होता, म्हणून मी गेला म्हणाले. ते खोटं नाही. पण त्या दिवशी भिंतीकडेने येताना चौथ्या टक्ला मला शंका आली होती, की आवाज चाकाकडून येतोय. सातव्याला जवळजवळ खात्री. नाही गेला म्हणाले असते तर तुम्ही पुन्हा चाकापासून सुरुवात केली असती, आणि मला "बघितले" म्हणून सांगितलेले दाते तुम्ही स्वतः बघितले असते. मी तुम्हाला जपत होते त्याहून जास्त स्वतःला जपत होते. किती जास्त, ते मला मोजता येत नाही, पण जास्त.

काका रविवारी चर्चमधल्या सकाळच्या मिस्सानंतर घरी असतात, बाहेरच्या ओट्यावर, कॅप घालून. मी तुमचं स्टूल नेणार नाही, त्यांच्यासमोर खालीच बसेन. आधी जीभ टाळूला लावून आवाज काढून दाखवीन, म्हणजे त्यांना कळेल की त्यांचा कान बरोबर होता. मग नाव सांगेन, चाकाचं, आणि त्यानंतर माझं. आज शुक्रवार आहे. परवा, रविवारी.